कासार गल्लीचा हिशोब

चोपड्यात पारा चव्वेचाळीसवर,
आणि देशाचा निकाल दुपारी चारलाच संपलेला.
टीव्हीतली माणसं तरी बोलतच होती.
मी आवाज बंद केला.
मग पंखा बोलायला लागला.

खिशात घडी केलेला सतरा-सी.
बूथ एकशे अठ्ठावन्न, मराठी शाळा, खोली दोन,
एकूण मतदान सहाशे सदतीस,
खाली माझी सही.
आमची एकशे एक्क्याण्णव,
हे मात्र पेन्सिलीने, आजच लिहिलेलं.

एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली.
रात्री आगारात पैसे कमी भरले
तर पदरचे घालायचे आणि घरी जायचं.
ही तूट कुठल्या खिशातून भरू?

पार्टीच्या ऑफिसात गेलो तर
मांडववाला खुर्च्या घेऊन गेलेला.
एक ठेवली होती, पाय मोडका म्हणून.
तिच्यावर तोल सांभाळत बसलो.
कुणी म्हणालं मशीन,
कुणी म्हणालं पैसा,
कुणी हळू आवाजात जात.
मी गप्प.
मशीन म्हणावं तर माझी सही खोटी,
पैसा म्हणावं तर शेवंताबाई खोटी,
आणि जात म्हणावं
तर आपण त्या गल्लीत मला का पाठवलं होतं?

दुसऱ्या दिवशी दुधाला निघालो
आणि पायांनी आपोआप मोजायला घेतलं.
अभिमन शिंपी. नाही दिलं.
शेवंताबाई. हात धरून रांगेत नेली होती मी,
शपथही घातली होती,
पण शपथेला दोन्ही बाजूंनी कडी असते.
शब्बीर पिंजारी. दिलं, नक्की दिलं,
म्हणून त्याच्याच नजरेला नजर देववेना.
लोटन माळ्याने ओट्यावरून हाक मारली,
काका, चहा.
बसलो.
बशीत मत दिसतं का ते बघत बसलो.

सहाशे सदतीसातून एकशे एक्क्याण्णव गेले,
उरले चारशे सेहेचाळीस.
गल्ली इतकी अरुंद
की समोरून सायकल आली तर भिंतीला चिकटावं लागतं.
एवढे परके तिथे मावले कसे?

घरी ती गच्चीवरून बिबडे उतरवत होती,
उन्हाळ्यातला शेवटचा घाणा.
माझं तोंड बघून म्हणाली,
हारनूत ना? मंग? आते हाऊ डबा धर.
मी डबा धरला, बिबडे रचू लागलो,
बावीस, तेवीस, चोवीस...
तिने डबा ओढून घेतला.
मोजू नको. मोजेल बिबडा फुगस नही.

असं काही नसतं.
तिने ते तेव्हाच, तिथेच रचलं.
पण मी थांबलो.

झोप आली असं नाही.
पहाटे तीनला उठून पाणी प्यायलो,
मतदार यादी काढली,
आणि त्या वर्षी गेलेल्यांवर लाल रेघ मारत बसलो.
नथ्थू तांबट. सुपडाबाई. छबीचा थोरला.
यांनी कुणाला दिलं असतं,
हे पहिल्यांदाच मनात आलं नाही.

नऊ दिवसांनी लोटनची रोशनी आली.
मे महिन्यात अठरा पूर्ण झालेली.
बाबा, नमुना सहा कसा भरायचा?
चष्मा लावला.
यादीच्या कोऱ्या पाठीवर तिला आधी कच्चं लिहून दाखवलं:
नाव, वडिलांचं नाव, घर क्रमांक,
जन्मतारीख दाखल्यावर आहे तीच, मनातली नको.
पुढच्या वेळी तू कुणाला,
हा प्रश्न दातांपर्यंत आला,
सुपारीच्या कणासारखा अडकला.

जिभेने तो आत ढकलला
आणि म्हणालो,
सही चौकटीच्या आत कर.

तिने केली.
थोडी बाहेर गेली.